टेबलाची खालची बाजू

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, हे आधीच सांगून टाकते. दुसरं काय लिहायचं ते सुचेना म्हणून लिहिलं. त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस.

तुझा निरोप पोचला. शेडमधले फळ्या आवळायचे लांब पाइप क्लॅम्प नुसते भिंतीला टेकून पडलेत, दादा आता काही ते वापरणार नाही, तर ट्रान्सपोर्टने पाठवून दे, इथे सुट्टीच्या दिवशी स्वतःची छोटी-मोठी कामं धरायचं म्हणतोय. आणि शेवटी हसरा चेहरा. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा आता ते वापरणार नाही, हे तुला कोणी सांगितलं रे? दादाने? इथून गेल्यापासून दादाशी नीट बोललास तरी कधी? मला विचारतोस, दादा कसाय, मी म्हणते बरे आहेत, की झालं तुझं कर्तव्य. फोनवरचं तुझं ऐकणं मला आता पाठ झालंय. दोन वाक्यं ऐकतोस, मग हं, हं, आणि मग वहिनी मशीन सुरू झालं, नंतर बोलतो. ते 'नंतर' काही उगवत नाही. म्हणून कागद घेतलाय. कागद तुला मध्येच ठेवून देता येईल, पण तो पुन्हा हातात घ्यावाच लागेल, कारण माझं अक्षर आहे आणि तू माझ्या हातचं खाऊन मोठा झालायस. तेव्हा बस एका जागी आणि शेवटपर्यंत वाच.

आणि क्लॅम्पचं म्हणशील तर नाही मिळणार. एकही नाही. त्यांना गंज चढला तर मी बसून घासीन, पण तुझ्या दारात ते येणार नाहीत. हे झालं तुझ्या निरोपाचं उत्तर. आता माझं ऐक.

'बरे आहेत' म्हणते ते मी खोटं सांगते. हे सकाळी उठतात, आंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसतात. दिवसभर. इस्त्रीचा शर्ट, बारक्या! लग्नकार्याला निघालो तरी ज्या माणसाच्या कानामागे भुसा सापडायचा, तो हा माणूस. जेवायला बसले की बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत बसायचे, मी ओरडायची, अहो जेवताय की गोंद सोलताय, आणि तू शेजारी बसून खी खी करायचास. आता नखं कशी स्वच्छ असतात. मला ती नखं बघवत नाहीत. परवा शेजारच्या मावशी स्टूल घेऊन आल्या, पाय हलतोय म्हणून. जोडायचं नाही, चिकटवायचं नाही, एक स्क्रू आवळायचा होता. ह्यांनी स्टूल उलटं केलं, पाहिलं, परत सरळ ठेवलं आणि म्हणाले, दुसऱ्या कोणाला दाखवा, माझ्या हाताचं आता काही खरं नाही. एक स्क्रू, अरे! मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पेचकस घेतला, स्क्रू आवळून दिला आणि आत जाऊन भांडी आपटली.

डॉक्टरांकडे नेलं नसेल असं समजू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटं दाबून पाहिली, मुठी वळायला लावल्या, हात पुढे धरायला लावून थरथरतात का ते बघितलं, आणि सांगितलं, ह्या हातांना काहीही झालेलं नाही, आमच्यापेक्षा बरे आहेत. परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, त्यांना काय कळतंय, वाचनालयाचं टेबल तर सांध्यात उललं ना. बस. सगळी गाडी त्या टेबलापाशी येऊन थांबते. माणूस धडधाकट आहे आणि स्वतःला मोडीत काढून बसलाय. शेडचं कुलूप मी उघडते, मी झाडते, जुन्या खुर्च्यांच्या पॉलिशची कामं येतात तेवढी करते. हे शेडच्या दारात येतात, वास घेतात आणि परत फिरतात.

तू मागितलेस ते क्लॅम्प कुठून आले, ते तरी लक्षात आहे का तुझ्या? त्याआधी रुंद फळा जोडायचा म्हटलं की दोर गुंडाळायचा आणि पाचरी ठोकत बसायचं, आणि ऐन वेळी एखादी पाचर उडून कपाळावर यायची. मग ह्यांनी त्या प्लंबरकडचे उरलेसुरले नळाचे पाइप आणले, एका टोकाला आटे पाडून मूठ आणि स्क्रू बसवला, दुसऱ्या टोकाला सरकणारा जबडा. प्लंबर किती हसला होता, काय मिस्त्री, ह्याला तोटी कुठे बसवणार म्हणून. आणि पहिल्यांदा त्यात चार अरुंद फळ्या धरून आवळल्या आणि एकसंध रुंद फळा बाहेर निघाला, तेव्हा तूच सगळ्या गल्लीला बोलावून आणलं होतंस. हात फिरवून सांधा शोधून दाखवा, अशी पैज लावत होतास लोकांशी. सांधा कोणाला सापडला नाही, आणि तू असा ऐटीत फिरत होतास की जणू तूच ते झाड वाढवलंस.

आवळायला तुला ह्यांनीच शिकवलं. तुला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं, जोर दाखवायची कोण हौस! मूठ धरून अशी पिळायचास की सगळा गोंद भळाभळा जमिनीवर. हे तुझा हात धरायचे. अरे, गोंद पोटात राहू दे, सगळाच बाहेर काढलास तर फळ्या एकमेकींना धरणार कशाने? एक पाइप खालून, एक वरून, परत एक खालून, म्हणजे फळा पन्हळीसारखा वाकत नाही. एकेक मूठ थोडी थोडी, पुन्हा पहिल्यापासून थोडी थोडी. सांध्याच्या कडेने गोंदाचे बारीक मणी दिसायला लागले की थांबायचं, हात मागे बांधायचे आणि शेडबाहेर निघून जायचं. तुला ते बाहेर निघून जाणं कधी जमलं नाही. पाच मिनिटं झाली की तू दारातून डोकावणार, वाळलं का, काढू का. आम्ही हसायचो. तुझ्या तळहाताला फोड आला तर हे त्यावर फुंकर घालत बसायचे, एवढ्या मोठ्या घोड्याच्या! मी म्हणायची, त्याला मांडीवर घेऊन बसा आता. हे असं सगळं आठवतं आणि मग मला जास्तच चीड येते.

आता टेबलाचं. वाचनालयाचं काम आलं तेव्हा हे किती दिवस वेगळ्याच तंद्रीत होते, तू पाहिलंस. लोक समोरासमोर बसून वाचतील, कोपर कोपराला लागणार नाही, असं रुंद टेबल, तेही एकसंध दिसणारं. फळ्या मांडून ठेवायचे, जेवून यायचे, आणि एखादी उलटी करून परत मांडायचे, हिची रेघ तिच्या रेघेत जात नाही म्हणून. घराघरात आपली कपाटं आहेत, पण ती त्या त्या घरापुरती, हे टेबल चारचौघांच्या नजरेसमोर राहील, असं एकदा बोलले होते माझ्याशी. ह्यांच्या तोंडून असं कधी निघत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. गोंद लावला त्या सकाळी हवा गार आणि दमट होती. तिघांनी मिळून लावला. होते तेवढे लांब क्लॅम्प त्या एका टेबलावर चढले, भिंत रिकामी झाली. आणि तेवढ्यात माझ्या बहिणीकडून फोन, जिन्यावरून पडली, पाय मोडला, घरात कोणी नाही. आम्ही दोघं तसेच निघालो. ह्यांचा पाय निघत नव्हता. गेटपर्यंत गेलेले परत आले आणि तुला म्हणाले, हवा गार आहे, गोंद सावकाश धरेल, मी उद्या येईपर्यंत हात लावू नकोस. तू म्हणालास, दादा, मी काय आजचा आहे का, निवांत जा. आणि आम्ही गेलो निवांत!

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर टेबल मोकळं. क्लॅम्प पुसून भिंतीला ओळीने उभे. वरचा गोंद खरवडलेला, वरची बाजू घासलेली. टेबल उलटं घालून खालच्या बाजूलाही गडद पॉलिशचा हात मारलेला. मी येईपर्यंत थांब म्हटलं होतं ना, असं हे म्हणाले, पण नुसतं म्हणायचं म्हणून. वरून तळहात फिरवला, कोपरे काटकोनात आहेत का बघायला गुण्या लावला, वाकून कडेने एका डोळ्याने पाहिलं आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. तू मला म्हणालास, वहिनी, तू प्रवासाने दमली असशील म्हणून खालचं पॉलिश मीच उरकून टाकलं. पॉलिश माझं काम. ब्रशला हात लावायचा म्हटलं तर तुझ्या अंगावर काटा यायचा. आणि खालच्या बाजूला आपण नुसता तेलाचा बोळा फिरवतो, तिथे गडद पॉलिश आजवर कोणी मारलं होतं? पण मला ते विचारायला सुचलं नाही. माझं डोंबल! मी उलट चार बायकांत तुझं कौतुक सांगत सुटले, आमचा बारक्या किती काळजीचा झालाय. तुझ्या चहात साखर जास्त घातली मी त्या दिवशी.

पुढे दिवस तापले आणि वाचनालयातून बोलावणं आलं. आपण तिघंही गेलो. मधला सांधा एका टोकापासून पार अर्ध्यापर्यंत उघडला होता, त्यातून खालची फरशी दिसत होती. कोणीतरी त्या फटीत पेन्सिल उभी करून ठेवली होती, गंमत म्हणून. ग्रंथपालबाई बिचाऱ्या भल्या, त्यांनी उलट ह्यांना बसायला खुर्ची दिली. हे बसले नाहीत. त्या फटीवरून बोट फिरवत गेले, टोकापर्यंत गेले, परत आले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, चूक माझी आहे, गोंदाचा अंदाज चुकला, हात पहिल्यासारखा राहिला नाही, टेबल मी घेऊन जातो. एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते, त्यांनी विचारलंही, अहो, तुम्ही दोघं भाऊ करता ना काम, मग कोणाच्या हातून झालं? त्यावर हे चटकन म्हणाले, तो मी सांगेन तेवढंच करतो. तू शेजारी उभा होतास. खांद्याला खांदा लागेल इतका शेजारी, आणि बुटांकडे बघत होतास. मी म्हटलं, बिचाऱ्याला किती वाईट वाटतंय.

त्यानंतर हे शेडमध्ये फिरकेनासे झाले आणि तुला त्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी जेवताना तू खुलून सांगत होतास, मालकाने नमुना मागितला होता, मी असा रुंद फळा जोडून नेला की त्याने भिंग लावून सांधा शोधला तरी सापडला नाही. हे ऐकून ह्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. कधी केलास रे, मला दाखवला पण नाहीस, असं म्हणाले. आणि तू तोंडात घास असताना म्हणालास, तुम्ही वहिनीच्या बहिणीकडे गेला होतात ना, त्या दिवशी, एकट्यानेच केला. मी तुला आणखी वाढलं. निघताना मला दारामागे घेऊन तू काय म्हणालास तेही विसरले नाहीये मी. म्हणालास, वहिनी, दादाचं आता वय झालं, त्याला शेडमध्ये जायला लावू नकोस, शेड कोणाला तरी भाड्याने देऊन टाक. किती मानभावी चेहरा केला होतास रे! मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला.

टेबल आपल्याकडे परत आलं तेव्हापासून शेडमध्ये भिंतीला लावून उभं होतं, तोंड भिंतीकडे. ह्यांनी ते कधी वळवलं नाही. मागच्या महिन्यात मी म्हटलं, किती दिवस हे मढं सांभाळायचं, फळ्या सोडवून निदान शेल्फ तरी करू. चौकट काढली आणि खालच्या बाजूचं ते तुझं गडद पॉलिश खरवडायला घेतलं. खाली काय निघालं सांगू? काळे डाग. लांबट, पाइपच्या रुंदीचे, सांध्यांवरून आडवे गेलेले, एकाखाली एक. तू सुतार आहेस, ते कशाचे असतात ते मी तुला सांगायला नको, पण सांगते. ओल्या गोंदात लोखंड टेकलं की लाकूड काळं पडतं. म्हणूनच पाइप आणि फळी यांच्यामध्ये मेणकागदाची पट्टी घालायची असते, आणि ते काम पहिल्यापासून माझं आहे. त्या सकाळीही मी प्रत्येक पाइपला पट्टी घातली होती. माझ्या पट्ट्यांचे चिकटलेले कपटे अजून तिथे होते, आणि त्यांच्याखाली लाकूड स्वच्छ होतं. तुझे डाग भलतीकडेच होते. मग मी फटीत सुरी घालून पाहिली. आत एक गोंद साय धरावी तसा फळीच्या कडेला वाळून बसलेला, आणि त्याच्यावर ओतलेला दुसरा, ज्याने लाकडाला तोंडही लावलेलं नव्हतं.

मी तिथेच भुशात बसकण मारली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे लांब क्लॅम्प जर टेबलावर होते, तर बाबा रे, तू तुझा नमुन्याचा फळा आवळलास कशाने? टेबलाचे काढलेस. गोंद वरून धरल्यासारखा दिसला असेल, आम्ही नव्हतो, नोकरीची घाई होती, काढलेस. तुझा फळा झाला आणि इकडे टेबलाचा सांधा हलला. मग घाबरून फटीत नवा गोंद ओतलास, क्लॅम्प परत चढवलेस, मेणकागद कुठे ठेवलेत ते तुला माहीत नव्हतं किंवा सुचलं नाही. सकाळी डाग दिसले, त्यावर पॉलिश फासलंस, आणि वर मला म्हणालास, वहिनी, तू दमली असशील.

माझा राग कशाचा आहे ते नीट समजून घे, नाहीतर म्हणशील एका टेबलासाठी वहिनी एवढी पेटली. चूक माणसाच्या हातून होते. तू त्याच संध्याकाळी फोन करून म्हणाला असतास, दादा, घोटाळा केला मी, तर काय झालं असतं? ह्यांनी शिव्या घातल्या असत्या, एक वेळ जेवले नसते, सांध्यावर करवत घातली असती, कडा पुन्हा रंधल्या असत्या आणि टेबल पुन्हा जोडलं असतं. वाचनालयाला टेबल थोडं उशिरा मिळालं असतं. आणि तुझी नोकरी कुठे पळून चालली होती? तुझ्या नमुन्यासाठी ह्यांनी स्वतः क्लॅम्प मोकळे करून दिले असते, स्वतः दुसऱ्या टोकाला उभे राहिले असते. तू मागायचंस फक्त. आजवर तू काही मागितलंस आणि ह्यांनी नाही म्हटलं, असं एक तरी सांग मला.

ते जाऊ दे. त्या वाचनालयात तरी बोलायचंस. तिथे नाही जमलं, तर घरी येऊन. घरी नाही, तर तिकडे गेल्यावर फोनवर, तोंड दिसत नाही तेव्हा. किती वेळा संधी होती तुला! मी सांगत होते की हे शेडमध्ये जात नाहीत, हातात काही धरत नाहीत, स्वतःला कुचकामी समजायला लागलेत, आणि तू हं, हं करत होतास. तुला ठाऊक होतं. जगात एकट्या तुला ठाऊक होतं की त्या हातांना काही झालेलं नाही, आणि तू मूग गिळून बसलास. वर आता निरोप पाठवतोस, दादा काही वापरणार नाही म्हणून. लाज कशी वाटली नाही रे मेल्या? तुला ज्या हातांनी शिकवलं ते हात तू जिवंतपणी मोडीत काढलेस, आणि आता त्यांची हत्यारं मागतोस. मी हे लिहिते आणि पेनाचं टोक कागदातून आरपार जातंय. डॉक्टरांनी खरं तर मला तपासायला हवं होतं.

हे सगळं मी फोनवर ओरडूनही सांगितलं असतं, आणि गल्लीने ऐकलं असतं तरी चाललं असतं. बसून लिहावं लागलं त्याचं कारण वेगळं आहे. डाग सापडल्यावर मी ह्यांना हाताला धरून शेडमध्ये नेलं. अक्षरशः ओढत नेलं. म्हटलं, बघा, हे बघा, तुमचे हात गेलेले नाहीत. मला वाटलं आता हे उसळतील, तुझ्या नावाने ओरडतील, निदान रडतील तरी. हे खाली बसले. एकेका डागावर बोट ठेवून पाहिलं. फटीतला गोंद नखाने उकरला, बोटांत चोळला, वास घेतला. मग म्हणाले, रंधा दे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या महिन्यांनी ह्यांनी हत्यार मागितलं होतं. मी धावत जाऊन मोठा रंधा आणला, पदराने पुसून हातात दिला. बाह्या वर केल्या आणि ह्यांनी रंधा चालवायला सुरुवात केली. काय तो हात चालला, बारक्या! ढलपी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटत नव्हती, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. आणि मी वेडी बघत उभी, माझ्या लक्षातच येईना की हे करतायत काय. हे डाग काढत होते. एकेक करून सगळे. माझ्या कागदाचे कपटेही. खालचं लाकूड कोरं होईपर्यंत थांबले नाहीत. सांधा करवतीने कापून काढला, तो आतला दोन थरांचा गोंदही गेला. मग सगळ्या ढलप्या गोळा करून चुलीत घातल्या, हात धुतले आणि मला म्हणाले, बारक्याला ह्यातलं काही कळवायचं नाही.

मी भांडले. म्हटलं, आता तरी कामाला लागा, हात किती चांगला चालला तो मी बघितला ना. तर म्हणाले, मी कामाला लागलो, चांगलं काम करायला लागलो, तर लोक विचारतील, मग ते टेबल कोणामुळे उललं? त्याची नवी नोकरी आहे, नाव व्हायचंय त्याचं, असू दे माझ्याकडेच. आणि परत इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी जाऊन बसले. म्हणजे आता सगळं माहीत असून बसलेत. तुझ्यासाठी बसलेत. माझ्याकडे दाखवायला काही उरलेलं नाही, त्यामुळे तू नाही म्हणालास तर मीच खोटी पडेन, आणि हे तुझ्याच बाजूने बोलतील, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते. म्हणून हे पत्र. पुढच्या सुट्टीला ये. लोकांसमोर काही करायला नको, माझी माफी तर मुळीच मागू नकोस, मला ती नकोय. फक्त ह्यांच्या समोर बस आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. हे म्हणतील, असं काही झालंच नव्हतं, कोणी सांगितलं तुला. तरी सांग.

रागावलेली, पण अजून तरी तुझीच,
वहिनी